वाढत्या अंगाचं

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. तासगाव

सागवानी खुर्ची आज पुरी झाली. पंधरा दिवस तिच्यातच होतो. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं, पण निवृत्तीनंतर रंध्याला हात लावावा असं काम हेच पहिलं. सांध्यात कुठं कागदसुद्धा शिरणार नाही. पॉलिश असं, की तोंड बघून घ्यावं.

नात साडेतीन वर्षांची. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला. दहा महिन्यांची झाली तरी मान धरेना म्हणून मिरजेला दाखवलं, तेव्हा ‘सेरेब्रल पाल्सी’ हा शब्द घरात आला. आता सगळे नुसतं ‘सीपी’ म्हणतात, बीपी-शुगर म्हणावं तसं. मान आता धरते, पण बसवलं की कलंडते. पाय ताठ होतात, कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. दिवसभर कुणाच्या तरी मांडीवर, नाहीतर चटईवर आढ्याकडे बघत.

खुर्ची चार बोटं मोठीच केली. आमच्या घरची रीतच ती. गणवेश, चप्पल, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं. सागवान काय दरवर्षी परवडतं?

संध्याकाळी नातीला बसवलं. दोन मिनिटांत खाली घसरली. वर ओढून घेतली, परत घसरली. तिसऱ्यांदा पाठीची अशी कमान केली, की मीच घाबरलो. सूनबाई काही बोलली नाही. अंथरुणं घालताना खुर्ची बाजूला सरकवायला गेली, तेव्हा एवढंच म्हणाली, “मामा, जड आहे हो.”

वजनकाट्यावर ठेवली. नऊ किलो. नात अकरा किलोची.

७ फेब्रुवारी, बुधवार

खुर्ची गाडीत घालून मिरजेला गेलो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी आधी तिच्यावरून हात फिरवला. “आजोबा, काम देखणं आहे,” म्हणाल्या. मग विचारलं, “ही कुणाच्या मापाची?”

“वाढत्या अंगाची केलीय.”

“मग वाढल्यावर बसेल. आज कशात बसवायचं?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी नातीला गादीवर आडवं केलं, कंबर आणि गुडघे वाकवले आणि टेप माझ्या हातात दिला. “मापं तुम्हीच घ्या.” तिथंच वहीत लिहिलेली ही मापं:

कुल्ल्यांच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत २२ सेंटिमीटर. गुडघा ते टाच २१. कुल्ल्यांची रुंदी १८. बैठक ते खांदा ३०. बैठक ते कोपर १४.

माझी बैठक २८ ची! बैठक मांडीपेक्षा लांब झाली, की कंबर मागं टेकत नाही. टेकली नाही की पोर पुढं घसरतं आणि पाठीला पोक काढून बसतं. पाय लोंबकळतात. लोंबकळले की ताठ होतात, आणि ते ताठ झाले की सगळं अंगच मागं फेकलं जातं. घरात आम्ही म्हणत होतो, पोरगी हट्टी आहे. हट्टी माझी खुर्ची होती.

“तीन काटकोन सांभाळा,” मॅडम म्हणाल्या. “कंबरेत, गुडघ्यात, घोट्यात.” जन्मभर हातात गुण्या धरलेल्या माणसाला हे दुसऱ्या कुणी सांगावं! गुण्या मी लाकडाला लावला, पोरीला लावायचा राहिला.

निघताना म्हणाल्या, “पुढची खुर्ची पुठ्ठ्याची करा.” चेष्टा असेल असं वाटलं. पण त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. झिंबाब्वेत बेविल पॅकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी रद्दी, पुठ्ठा आणि पिठाची खळ एवढ्यावर खुर्च्या-टेबलं करायची पद्धत बसवली, आणि तीच अपंग मुलांच्या खुर्च्यांसाठी देशोदेशी गेली. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलेक्स ट्रूस्डेल नावाच्या बाईंनी अशा मुलांसाठी पुठ्ठ्याचंच साहित्य केलं. त्या कामासाठी त्यांना २०१५ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. म्हणजे पैसे नाहीत म्हणून पुठ्ठा, असं नाही. न्यूयॉर्कमध्ये काय प्लायवूड मिळत नाही?

११ फेब्रुवारी, रविवार

माळ्यावरची चाकाची खुर्ची खाली काढली. गेल्या वर्षी एका शिबिरात मिळालेली. नातीला तिच्यात बसवून, हार घालून फोटो काढला होता. आज टेप लावला. बैठकीची रुंदी ४५. नात १८. तिच्यात अडीच नाती बसतील. वर्षभरात ती गॅसची टाकी आणायला तेवढी उपयोगी पडली.

सरकारी मदत नाही असं नाही. अपंगांना साधनं देणारी एडिप योजना १९८१ पासून आहे. १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची अलिम्को साधनं बनवते, सीपीच्या मुलांसाठी निराळी खुर्चीही बनवते. पण वस्तू फुकट मिळाली म्हणून ती अंगाला बसतेच असं नाही. आणि देणाऱ्यांना नावं ठेवायला माझं तोंड कुठं आहे? मीही पंधरा दिवस खपून तेच केलं. त्यांची लोखंडाची, माझी सागवानी, एवढाच फरक.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पुठ्ठ्याला आमच्या गावात काय तोटा? द्राक्षाचा हंगाम सुरू आहे, मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे चाललेत. ओळखीच्या अडत्याकडून कोपरे फाटलेले बॉक्स आणले, रद्दीच्या भावानं, दहा रुपये किलो. पाच पदरी चांगला पुठ्ठा. अख्खं घर बेदाण्याच्या वासानं भरलं. मुंग्यांनाही तो आवडला.

पुठ्ठ्याला नळ्या असतात, हे आजवर कधी नीट बघितलं नव्हतं. दोन कागदांच्या मध्ये वळ्यावळ्यांचा तिसरा. नळीच्या दिशेनं उभा धरला तर भार घेतो, आडवा धरला तर दुमडतो. म्हणजे लाकडाच्या रेषेसारखंच. एका थराच्या नळ्या उभ्या, त्यावरच्या थराच्या आडव्या, तिसऱ्याच्या पुन्हा उभ्या. प्लायवूड असंच तर करतात. तीन थर चिकटवून वर फळी ठेवली आणि फळीवर पाटा-वरवंटा. सकाळपर्यंत दोन सेंटिमीटर जाडीचा तक्ता तयार.

चिकटवायला मैद्याची खळ. बुकबाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही म्हणून. मी पुडी आणली होती. सूनबाईनं ती हातातून काढून घेतली. “मामा, ही सगळं तोंडात घालते.” मोरचूद विष आहे, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी खुर्चीच्या आयुष्याचा विचार करत होतो, ती पोरीच्या.

रंगाचंही तसंच. फडताळात ऑइल पेंटचा जुना डबा होता. मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, टाकून द्या. जुन्या रंगात शिसं असतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंसुद्धा चालत नाही. रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. नवा डबा आणला, लेबल वाचून.

२५ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची झाली. बैठक २० ची. लवणीला कड रुतू नये म्हणून बोटभर मोकळी. बैठकीचा पुढचा भाग किंचित उचललेला, म्हणजे घसरण थांबते. दोन मांड्यांच्या मध्ये गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला ठोकळा, म्हणजे कात्री होत नाही. पायाखाली पाट. पट्टा पोटावर नाही, मांडी आणि कंबर मिळतात तिथं, तिरका. सगळ्या कडा वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून बुजवल्या. वजन सव्वादोन किलो.

आधी स्वतः बैठकीवर उभा राहिलो. बहात्तर किलो. घरची ओरडली, “अवो, पडाल!” पुठ्ठा कुरकुरलासुद्धा नाही.

मग नात. कंबर आधी मागं टेकवली, मग पट्टा, मग पाय पाटावर. हात सोडले. ती बसली.

तिनं सगळ्यात आधी खाली बघितलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे. बराच वेळ. साडेतीन वर्षांत तिला स्वतःचे गुडघे असे समोर कधी दिसलेच नसतील.

सुरुवातीला वीसच मिनिटं बसवायचं आणि उठवल्यावर अंग बघायचं, असं मॅडमनी बजावलंय. कुठं लाल वळ उठून तो तसाच राहिला, तर तिथली कड काढायची. डाव्या मांडीवर उठला. पटाशी न घेता भाजी कापायच्या सुरीनं कड तासली, गोधडीचा आणखी एक पदर लावला. सागवानाला हे केलं असतं का? हात धजला नसता.

खर्च लिहून ठेवतो. पुठ्ठा ६०, मैदा ४०, रंग १८०, पट्टा आणि वेल्क्रो ९०. एकूण ३७०. सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबा फुकट दिल्या. स्वस्त झाली म्हणायला हरकत नाही, पण सहा दिवसांची मजुरी यात धरलेली नाही. ज्या घरात दोघंही द्राक्षबागेत रोजंदारीवर जातात, तिथं हे सहा दिवस कुठून येणार?

३ मार्च, रविवार

खुर्चीला पुढं ताट ठेवायला फळी बसवली, कोपराच्या उंचीची. सूनबाईनं तिला अर्धगोल खाच पाडायला लावली, फळी पोटाशी भिडावी म्हणून. मापं माझी असतात, हरकती तिच्या. तिची हरकत आजवर एकदाही वाया गेली नाही.

धड टेकलं, की हात मोकळे होतात. एवढी साधी गोष्ट. आजवर तिचे दोन्ही हात तोल सावरण्यातच गुंतलेले. आता ते फळीवर येतात, बोटं उघडतात, ताटावर आपटतात.

चमचा मुठीत राहत नव्हता. दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड केला आणि मान थोडी वाकवली. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. पाण्याच्या प्लास्टिकच्या पेल्याला एका बाजूनं खाच पाडली. पिताना नाक त्या खाचेत जातं, मान मागं टाकावी लागत नाही, ठसका कमी लागतो.

आज दूध-भाकरीचा पहिला चमचा कपाळाला लागला, दुसरा गालाला. तिसरा तोंडात. चौथा आजीच्या लुगड्यावर. “मी भरवलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं,” आजी म्हणाली. पाऊण तास लागला. मी घड्याळ बघत नव्हतो. घरची बघत होती, तिनं सांगितलं.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

मॅडमनी चित्रांची पाटी करायला सांगितली होती. पुठ्ठ्यावर चार चौकोन: पाणी, शी, अजून, नको. तिला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. उजवा हात झेप घेतल्यासारखा जातो आणि चौकोनावर पडतो. ‘पाणी’ आणि ‘शी’ आठवड्यात जमलं. ‘नको’ला मात्र तिनं हात लावला नव्हता. तिला कधी कुणी विचारलं होतं? कुशीवर वळवली, भरवली, उचलली, ठेवली. सगळं मायेनंच, पण न विचारता.

आज गुढी उभारली. कडुनिंबाची गोळी सगळ्यांना दिली, गूळ-ओवा घालून. आजीनं नातीच्या ओठाला लावली. पोरीनं तोंड वाकडं केलं. हात उचलला, फळीवर पडला, परत उचलला आणि पाटीवर धप्पकन आपटला. ‘नको’वर.

आजी म्हणाली, “वर्षाचा सण आहे, एवढीशी तरी...” परत ‘नको’.

गोळी सूनबाईनं खाल्ली. नातीला नुसता गूळ.

१२ मे, रविवार

जवळच्या गावातून एक शेतमजूर आले होते, पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं होतं. तिथं कुणीतरी माझा पत्ता दिला. सागवानी खुर्चीकडे बोट करून म्हणाले, “मास्तर, ही तुमच्या पोरीला होत नाही न्हवं? मग आमाला द्या की.”

द्यायचा मोह झाला. धूळ खातेच आहे. पण मुलाला टेप लावला. मांडी २४, बैठक २८. शिवाय त्याचं अंग नातीसारखं ताठ नाही, उलट सैल, पोत्यासारखं एका बाजूला ओघळणारं. त्याला दोन्ही बगलांना आधार हवा, पाठ मागं कललेली हवी. एकाच नावाचा आजार, पण तिची खुर्ची त्याला काही कामाची नाही. मॅडमना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. त्यांनी बघून मापात दोन बदल सांगितले आणि मुलाला एकदा घेऊन या म्हणाल्या.

मग पाहुण्यांनाच सुरी दिली. लाजले. “आमाला कुठलं येतंय?” दुपारपर्यंत तीन थर कापून झाले. हात माझ्यापेक्षा सफाईदार. द्राक्षाची छाटणी करणारा हात तो.

मॅडमनी डेव्हिड वर्नर यांचं ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ वाचायला दिलंय. १९८७ चं पुस्तक, पानापानावर रेघांची चित्रं. इंग्रजी अडलं तरी चित्रं अडत नाहीत. मेक्सिकोतल्या अहोया नावाच्या खेड्यात १९८१ साली सुरू झालेल्या प्रोहिमो प्रकल्पातून ते लिहिलं गेलं. तिथं साधनं बनवणारे कारागीर बहुतेक स्वतःच अपंग. पोराला कुठं टोचेल, हे त्यांना टेप न लावता कळत असणार.

१४ जुलै, रविवार

पावसानं खुर्ची खाल्ली. फरशी पुसताना पाणी खाली मुरत गेलं, तळाचे पदर फुगले, मागच्या बाजूला बुरशी. कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलेलं. धाकट्या जावयांनी विचारलं, “मामा, शेवटी पुठ्ठाच तो. किती दिवस टिकणार?”

माझ्यातल्या सुतारालाही तेच बोचत होतं. पण परवा दुपारी कुजका भाग कापून टाकला, नवे थर चिकटवले, तळाला रबरी ट्यूब ताणून बसवली आणि तळाला रंगाचे दोन हात दिले. रंगावर दोन दिवस गेले, पण बाकीचं काम दोन तासांचं. तेवढ्या दिवसांत मांडीवर बसवताना कळलं, पोर उंच झालीय. खुर्ची टिकली असती तरी चार-सहा महिन्यांत बदलावीच लागणार. पोरीपेक्षा जास्त टिकणारी खुर्ची घेऊन करायचं काय?

आता मॅडमनी उभं राहायची चौकट सांगितलीय. रोज थोडा वेळ पायांवर भार आला, तर खुब्याचा सांधा नीट घडायला मदत होते म्हणतात. ही मात्र अंदाजानं करायची नाही. त्यांच्यासमोरच मापं, त्यांच्यासमोरच पहिलं उभं राहणं.

८ सप्टेंबर, रविवार. ऋषिपंचमी

गावच्या गणपतीचा रथोत्सव. दरवर्षी सूनबाई नातीला घेऊन आतल्या खोलीत बसायची. गर्दी, ढोल, आणि कडेवर अकरा किलोचं ताठ होणारं पोर. यंदा पुठ्ठ्याची खुर्ची उचलून ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर ठेवली. सव्वादोन किलोची असल्यामुळे एका हातानं आली.

पहिल्या ढोलाला दचकली, दोन्ही हात फाकले, पाठ ताणली. सागवानी खुर्चीतून अशीच घसरली होती. या वेळी पट्ट्यानं कंबर धरून ठेवली, पाय पाटावर राहिले, आणि ताण आला तसा गेला. मी कानांवर हात ठेवले, तर तिनं मान हलवून ते झटकले.

रथ समोरून गेला. माणसं दोर ओढत होती. वरून गुलाल, पेढे, खोबऱ्याचे तुकडे. एक तुकडा तिच्या फळीवर पडला. खोबरं तिला अजून चावत नाही, म्हणून मी उचलायला गेलो. तिनं मूठ मिटली होती. मूठ उघडायला तिला नेहमी वेळ लागतो. आज तिला ती उघडायचीच नव्हती.

शेजारी एक बाई मुलीला सांगत होत्या, “त्या ताईची खुर्ची बघ कशी आहे.” पोरीचं काय झालंय, असं या वेळी कुणी विचारलं नाही. खुर्ची कुणी केली, एवढंच विचारलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

हत्यारांची पूजा. चौरंग सापडेना, म्हणून सागवानी खुर्चीच मांडली. चार-पाच वर्षांनी ती कदाचित होईलही, तोवर हत्यारांना चालेल. रंधा, पटाशी, करवत, गुण्या. यंदा त्यांच्या रांगेत भाजीची सुरी आणि शिंप्याचा टेप. दोन्हींना हळद-कुंकू लावताना घरची हसली.

पूजा झाल्यावर तोच टेप घेऊन नातीला मापलं. मांडी २३.५. गुडघा ते टाच २२.५. म्हणजे बैठक आता आखूड झाली.

“आता तरी जरा वाढत्या अंगाची करा,” घरची म्हणाली. “सारखं काय ते चिकटवत बसायचं!”

मी काही बोलायच्या आत सूनबाईनं टेप गुंडाळला. “नको आत्या. दिवाळीत करू दुसरी.”

वहीत लिहिलं: मांडी २३.५, बैठक २१.५. उद्या अडत्याकडे जायचं आहे.